तिथीची पाऊणपट: आंजर्ल्याच्या पुळणीवर पोरांसोबत तीन दिवस

निघण्याआधी

दोन वर्षांपूर्वी पोरांना पहिल्यांदा समुद्र दाखवायला नेलं, तेव्हा आम्ही फक्त जोडून आलेल्या सुट्ट्या बघितल्या होत्या. भर दुपारी बाराला किनाऱ्यावर पोचलो तर वाळूच नव्हती. पौर्णिमा होती, उधाणाची भरती होती आणि पाणी थेट सुरूच्या झाडांच्या मुळांना लागत होतं. थोरली तेव्हा सहा वर्षांची, धाकटा दोनचा. बादल्या आणि फावडी पिशवीतून बाहेरच आली नाहीत. संध्याकाळी पाणी उतरून सगळी पुळण उघडी पडली असणार, पण तोवर आम्ही परतीच्या घाटात होतो. नंतर कितीतरी दिवस थोरली म्हणायची, "चित्रात समुद्राला वाळू असते, आपल्या समुद्राला नव्हती." ते मनाला लागून राहिलं होतं.

या वेळी कोकणात, दापोलीजवळच्या आंजर्ल्याला जायचं ठरलं. तिथल्या घरगुती निवासाच्या काकांना मी फोन लावला आणि फेब्रुवारी अखेरचा शुक्रवार ते रविवार मिळेल का, असं विचारलं. ते म्हणाले, "मिळेल. पण पोरं आहेत ना बरोबर? मग तारीख नको, तिथी सांगा." भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. शुक्रवारी फाल्गुन शुद्ध एकादशी, शनिवारी द्वादशी, रविवारी त्रयोदशी. "झकास. या," म्हणाले, आणि फोनवरच मला हिशेब शिकवला.

हिशेब असा. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून एकादशीला सव्वाआठला पाणी भरलेलं. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, आकडा तोच. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्यामागे भरतीही तेवढी मागे सरते. एका तिथीला पाऊण तास हा त्याचाच ठोकताळा. थोडं मागेपुढे होतं, वाऱ्यानेही फरक पडतो, पण सहलीची आखणी करायला एवढं पुरेसं आहे. मग कोडं सुटलं. पौर्णिमेची तिथी पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही बरोबर पाणी भरलेलं असताना जाऊन उभे राहिलो होतो, तेही उधाणाच्या दिवशी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी. आम्ही निवडलेले दिवस भांग सरून उधाणाकडे जाणारे होते: सकाळी भरतं पाणी, दुपारी उघडे पडलेले खडक, आणि संध्याकाळी पोरांना भरपूर वाळू.

काका अजून एक गोष्ट म्हणाले, ती मी वहीत लिहून ठेवली. "पाण्यात उतरायचं ते भरती चढत असताना. ओहोटी लागली की पाय ओढते. पोरांना तेव्हा वाळूत खेळवा."

मुरूड, कर्दे की आंजर्लं, यावर घरात थोडी चर्चा झाली. मुरूड-कर्द्याचा किनारा लांबलचक आणि सुरेख आहे, पण तिथे घोडागाड्या, पॅराशूट, मोटारबोटी, सगळंच असतं. चार वर्षांच्या मुलाला सांभाळत मला इंजिनांच्या आवाजात बसायचं नव्हतं. शिवाय आंजर्ल्याला कासवं येतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजल्यावरची खोली आणि कमोड आहे ना, हे आधीच विचारून घेतलं. सहल कुणामुळे अडत नाही, अशा न विचारलेल्या गोष्टींमुळे अडते.

सामानाबद्दल थोडं लिहिते, कारण खेळण्यांपेक्षा वेगळ्याच वस्तू कामाला आल्या. एक जुनी सुती साडी: ती सुरूच्या दोन झाडांना बांधली की सावली होते, आडोसा होतो, ओल्या पोराला गुंडाळताही येते. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, पाय धुवायला. टाल्कम पावडर, कारण अंग कोरडं करून पावडर चोळली की चिकटलेली वाळू झडून जाते आणि पोरं रडत नाहीत. ओआरएसची पाकिटं. दोघांना लांब बाह्यांचे केशरी टीशर्ट. निळे, हिरवे किंवा पांढरे कपडे पाण्यात दिसेनासे होतात. केशरी लांबून दिसतो. हवा भरायची रबरी चाकं मात्र मुद्दाम घरी ठेवली. जमिनीवरून वारा सुटला तर चाक पोरासकट आत जातं आणि आपण पोहून गाठेपर्यंत ते आणखी पुढे गेलेलं असतं.

शुक्रवार, एकादशी

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. ताम्हिणी घाटात उजाडलं. धाकट्याला घाट लागतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध अर्धा तास आधी, पोटात फक्त दोन बिस्किटं, आणि हातात आलेपाकाची वडी. एकदाच थांबावं लागलं. माणगावला न्याहारी, मग महामार्गाने महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, आणि खेडजवळ भरणे नाक्याला उजवीकडे दापोलीचा रस्ता. दापोलीला गावातली जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात, इंग्रजांची लष्करी छावणी होती म्हणून. तिथून उतार सुरू झाला, आणि हर्णैच्या अलीकडे एका वळणावर थोरली ओरडली, "दिसला!" पाण्यात तरंगल्यासारखा सुवर्णदुर्ग दिसत होता. जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की आंजर्लं. दीड वाजला होता.

काकूंनी पानं वाढली. आमच्यासाठी ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. आईंची, म्हणजे सासूबाईंची, एकादशी म्हणून वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. पोरांसाठी मऊ भात, तूप आणि मेतकूट. प्रवासानंतर पोरांना पहिल्या जेवणात तिखट मासळी द्यायची घाई करू नये, असं माझं मत आहे. मासे दुसऱ्या दिवशीही मिळतात.

चारला पुळणीवर गेलो. पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळू. इथे बीच कुणी म्हणत नाही. काका वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, सोडायला आले आणि वाळूवर पसरलेल्या एका वेलीकडे बोट दाखवलं. आपट्यासारखी दुभागलेली पानं, जांभळी फुलं. "ही मर्यादवेल. समुद्र एरवी हिच्या वर येत नाही. चपला, पिशव्या, आजी, सगळं हिच्या वरच्या अंगाला ठेवा." आई हसल्या आणि वेलीच्या वर सतरंजी टाकून बसल्या.

ओहोटी अडीचला पूर्ण होऊन गेली होती, पाणी हळूहळू परत चढत होतं. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी पसरली होती, कुठे पाकळ्यांसारखी, कुठे किरणांसारखी. थोरलीला वाटलं कुणीतरी बसून काढली आहे. आम्ही दहा मिनिटं न हलता उकिडवे बसलो, तेव्हा मधल्या भोकातून शेंगदाण्याएवढा खेकडा बाहेर आला. वाळू तोंडाशी न्यायची, तिच्यातलं खाणं टिपून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकायची, असं त्याचं काम. हजारो खेकडे हेच करत होते, आणि पुढच्या भरतीत सगळं पुसलं जाणार होतं. थोरली तिथून हलायला तयार नव्हती.

आणि तिथेच आमच्या हातून चूक झाली. मी थोरलीजवळ वाकून खेकडे बघत होते. नवरा गाडीतून राहिलेली पिशवी आणायला गेला होता. त्याला वाटलं, धाकटा माझ्याजवळ आहे. मला वाटलं, तो बाबाबरोबर गेला. मान वर केली तर पोरगा कुठेच नाही. समुद्राचा आवाज तसाच, उजेड तसाच, आणि माझ्या तोंडातून आवाज फुटेना. वरून आईंची हाक आली, "अगं, तो बघ तिकडे! कुत्र्याच्या मागे!" शंभरेक पावलांवर, पाण्याच्या कडेकडेने, एका लाल कुत्र्यामागे केशरी ठिपका दुडुदुडु चालला होता. पळत जाऊन उचलला. त्याला काहीच कळलं नव्हतं. मला मात्र बराच वेळ उभं राहता येईना.

त्या रात्री पोरं झोपल्यावर आम्ही दोघांनी ओटीवर बसून नियम ठरवले. पाण्याजवळ असताना एकाचा पहारा, वीस मिनिटांचा. पहाऱ्यावरच्या माणसाने फोन हातात घ्यायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, पुस्तक नाही, गप्पा नाहीत. पहारा बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तुझा," आणि दुसऱ्याने "माझा" म्हणायचं. वाटलं, समजलं, गृहीत धरलं, असं काही चालणार नाही. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही; तोंड पाण्याच्या रेषेवर आलं की त्याला आवाजच काढता येत नाही. हे मला माहीत होतं, कुठेकुठे वाचलंही होतं. तरी शंभर पावलांचं अंतर पडलंच. म्हणून पोरांच्या दंडावर बॉलपेनने आमचे फोन नंबर लिहिले, तेही त्याच रात्री, झोपेत.

गावातून पोरांचा गलका ऐकू येत होता. फाकपंचमीपासून इथे रोज रात्री लहान होळी पेटते, पौर्णिमेला मोठी. शिमग्याचे दिवस. चाकरमानी यायला लागले होते आणि पालखीच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

शनिवार, द्वादशी

समुद्राचा दिवस हाच. बाकी दोन दिवस येण्याजाण्याचे.

पावणेसातला कासवांच्या कुंपणापाशी गेलो. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पिल्लांची वाट बघत नाहीत. पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची, कुत्री आणि कोल्हे खायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये इथून उत्तरेला वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं, मग गावोगावचे तरुण कासवमित्र झाले आणि वनखातं सोबत आलं. आता पहाटे घरटं सापडलं की अंडी हलक्या हाताने कुंपणाच्या आत हलवतात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात, वर तारखेची पाटी आणि टोपली. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलून बघतात.

त्या दिवशी एकही टोपली हलली नव्हती. कासवमित्र दादा पोरांसमोर गुडघ्यावर बसून म्हणाला, "आज नाही रे. ती त्यांच्या मनानेच येणार." धाकट्याचा ओठ बाहेर आला. मी काही समजावलं नाही. समुद्र सर्कस नाही, हे त्याला तिथेच कळलेलं बरं, असं मला वाटलं. थोरलीने मात्र एका पाटीवरची तारीख वाचून बोटांवर दिवस मोजले आणि सांगितलं, "बावन्न झाले. उद्या येतील बघ."

साडेसातला पाण्यात. नऊला भरती पूर्ण होणार होती, म्हणजे चढत्या पाण्याचा दीड तास आमच्या हातात. ऊन कोवळं, वारा पडलेला. उतरण्याआधी नवरा आणि मी पाच मिनिटं नुसते उभे राहून लाटा बघत होतो. सगळीकडे लाटा फुटून फेस येत असताना मध्येच एखादा पट्टा गडद आणि शांत दिसतो. नवख्याला तोच सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. आमच्या डावीकडे, खाडीच्या तोंडाच्या बाजूला, पाण्याची अशीच ओढ होती. म्हणून आम्ही बरेच उजवीकडे सरकलो. नदी समुद्राला मिळते तिथे पोरांना कधीच उतरवू नये. मोठ्या माणसाचं पाऊल अशा ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, मग आत वळायचं. थोरलीलाही हे सांगितलं. आठ वर्षांचं मूल हे समजू शकतं.

मर्यादा ठरली: धाकट्याला पोटरीपर्यंत, थोरलीला कमरेच्या खाली, दोघांचाही एकेक हात मोठ्याच्या हातात. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवर घासत चालायचं, म्हणजे वाळूत पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दडलेला असला तर तो आधीच सरकतो. धाकट्याला हे इतकं आवडलं की तो आगगाडीचा आवाज काढत चालायला लागला. पहिली लाट गुडघ्यावर फुटली तेव्हा दचकला, दुसरीला हसला, तिसरीला "अजून!" म्हणाला. लाट परत जाताना तळव्याखालची वाळू सरकते ना, ते त्याला पहिल्यांदा जाणवलं. "आई, जमीन पळतेय!" तो माझा हात घट्ट धरून तिथेच उभा राहिला, पुन्हा पुन्हा जमीन पळते का ते बघत.

आई मर्यादवेलीपाशी बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्याही उठल्या. साडी पिंढऱ्यांपर्यंत खोचून घेतली, एका हातात काठी, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर, आणि घोटाभर पाण्यात येऊन थांबल्या. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि नातीच्या कपाळालाही लावलं. लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच किनाऱ्यावर उभं केलं होतं, असं नंतर म्हणाल्या. सत्तावन्न वर्षांनी पाय समुद्रात गेले होते.

पावणेनऊला बाहेर. पोरं अजून मागत होती, पण भरती ठरल्यावेळी पूर्ण होते आणि ओहोटी लागते, त्याला आमचा इलाज नाही. हट्ट मोडायला याहून चांगलं कारण आईबापांना मिळत नाही. दोघांच्याही ओठांची कड निळसर झाली होती. कोरडं करून, पावडर चोळून, घरी गेल्यावर घावन आणि नारळाचं दूध. मग दहा ते तीन आम्ही पुळणीकडे फिरकलोच नाही. फेब्रुवारीचं ऊन सोसवतं असं वाटतं, पण वाळू आणि पाणी दोन्हीवरून उलटून येतं. वाडीत सुपारीच्या सावलीत पोरं झोपली, उठून झावळ्यांची गाडी करून खेळली. दुपारी जेवायला कोळंबीचं सार, तळलेले बोंबील. धाकट्याने चार बोंबील खाल्ले.

सव्वातीनची ओहोटी धरून हर्णै गाठलं. कनकदुर्गाच्या पायथ्याशी खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं. तिथे पोरांना उघड्या पायांनी सोडायचं नाही. खडकाला चिकटलेल्या शिंपांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. पट्ट्याच्या घट्ट सँडल हव्यात. एका परातीएवढ्या खळग्यात आम्ही अर्धा तास घालवला. शंख चालत होते, त्यातल्या एकाला पाय होते, कारण रिकाम्या शंखात खेकडा राहायला आला होता. काचेसारखे पारदर्शक मासे सावली पडली की एकदम कोपऱ्यात. खडकाला लागलेलं, फुलासारखं काहीतरी होतं, थोरलीने काडीने हळूच स्पर्श केला तर मिटलं. आमचा नियम साधा होता: बघायचं, मोजायचं, पण बादलीत घालून न्यायचं नाही. रिकामे शिंपलेसुद्धा फक्त पाच, कारण उद्या कुठल्यातरी खेकड्याला घर लागेल. हे कारण दोघांनाही लगेच पटलं. धाकट्याने तर खिशातला एक शंख परत ठेवला.

समोर सुवर्णदुर्ग. होडीने जाता येतं, पण तिकडे नीट धक्का नाही, खडकांवर उतरावं लागतं. आई आणि धाकट्याला घेऊन ते नको वाटलं. मग आम्ही किनाऱ्यावर बसूनच थोरलीला गोष्ट सांगितली, कान्होजी आंग्र्यांची आणि मराठ्यांच्या आरमाराची. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये हा आहे. त्याच्या महाद्वाराच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे, हे सांगितल्यावर तिने किल्ल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तेव्हापण यायची?" मी म्हटलं, किल्ल्याच्याही आधीपासून.

साडेचारला बंदरावर लिलाव सुरू झाला. होड्या खोल पाण्यात, तिथून बैलगाड्या चाकं बुडवत मासळी घेऊन येतात. टोपल्यांचे ढीग, बर्फ, कोळणींचे आवाज, भाव एका दमात चढतो आणि तुटतो. वास धाकट्याला सोसला नाही, नवरा त्याला घेऊन वर गेला. थोरली आणि मी पाट्यांमधून वाट काढत फिरलो. एका कोळीणमावशीने तिच्या हातात छोटा पाकट दिला आणि काटा कुठे असतो ते दाखवलं. "म्हणून पाय घासत चालायचं," थोरली तिला म्हणाली. मावशी म्हणाली, "कुणी शिकवलं गं तुला? शहाणी आहेस."

परत येऊन सूर्यास्तापर्यंत किल्ला. पाणी अजून बरंच लांब होतं. थोरलीचा किल्ला पाण्यापासून किती वर असावा याचा हिशेब बाप-लेकीने मांडला: रात्री साडेनऊपर्यंत पाणी चढणार, म्हणजे इथवर येईल, मग बांधायचा कशाला वर, खालीच बांधू, म्हणजे समुद्र वेढा घालेल. खंदक, तट, नारळाच्या करवंटीचे बुरूज. धाकटा बादलीने पाणी आणायचा, वाटेतच अर्धं सांडायचं, तरी पुन्हा जायचा. पहाऱ्यावर मी होते, म्हणून या संध्याकाळचा माझ्याकडे एकही फोटो नाही. पण त्याच्या प्रत्येक फेरीला पाणी किती उरलं होतं, ते मला आठवतं.

अंधार पडताना दोन मोटारी पुळणीवर उतरल्या, दिवे पूर्ण लावून, गोल गोल फिरवत. माझा जीव तुटला. वाळूखाली एखादं न सापडलेलं घरटं असेल तर चाकाने दबतं. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेने चालतात, कारण खुल्या समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं. मोटारीचा दिवा त्यांना उलट दिशेला नेतो. नवऱ्याने जाऊन शांतपणे सांगितलं. एक गाडी निघून गेली, दुसरी थोड्या वेळाने. ज्यांना समुद्र बघायचा आहे त्यांनी गाडी गावात ठेवून दोनशे पावलं चालावं, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

द्वादशीचा चंद्र डोक्यावर यायला लागला होता. वाळू चांदण्यात राखाडी-पांढरी, आणि किल्ल्याच्या खंदकात पहिलं पाणी शिरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रविवार, त्रयोदशी

थोरली पाचलाच उठून बसली. सातला कुंपणापाशी तीस-चाळीस माणसं दोरीच्या मागे उभी. दादाने बावन्न दिवसांची, नाही, आता त्रेपन्न दिवसांची टोपली उचलली आणि काही न बोलता आमच्याकडे बघितलं. वाळू खचली होती. मध्ये काळपट, ओलसर, बोटाएवढ्या लांबीचं काहीतरी हललं, मग त्याच्याखालून दुसरं.

अकरा पिल्लं निघाली. परातीत घेऊन दादा पाण्यापासून थोड्या अंतरावर आला आणि त्यांना वाळूवर सोडलं. पाण्यातच का नाही सोडत, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, "एवढं चालू दे त्यांना." माद्या मोठ्या झाल्यावर ज्या किनाऱ्यावर जन्मल्या त्याच भागात अंडी घालायला परततात, आणि या चालण्यातच किनाऱ्याची ओळख पटत असावी, असं मानतात. कुणीही हात लावायचा नाही, फ्लॅश नाही.

भरती चढत होती, त्यामुळे वाट लांब नव्हती. तरी एकेका पिल्लाला एकेक पावलाचा ठसाही दरीसारखा होता. एक उलटं झालं, पाय झाडले, पुन्हा सुलटं. एकाला लाटेने उचलून परत मागे आणून टाकलं. धाकटा दोरीला धरून पुटपुटत होता, "चल, चल, चल." थोरली काहीच बोलत नव्हती. शेवटचं पिल्लू लाटेखाली गेल्यावर काळं डोकं एकदा वर आलं, श्वासापुरतं, आणि मग नुसतं पाणी. आई पदराने डोळे पुसत होत्या, आणि मीही.

नंतर कड्यावरच्या गणपतीला गेलो. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे आईंना जमलं. उजव्या सोंडेची मूर्ती. पूर्वी देऊळ खाली समुद्राकाठी होतं, पाणी वाढत आलं तेव्हा देव कड्यावर आला, असं गावात सांगतात. वरून माडांची रांग, खाडी, सुवर्णदुर्ग आणि आमची पुळण दिसत होती. पाणी भरून मर्यादवेलीच्या खाली थांबलं होतं. किल्ल्याची जागा थोरलीने बोटाने दाखवली.

अकराला निघालो. काकूंनी कोकमाचा आगळ आणि फणसाची साटं बांधून दिली. काका पोरांना म्हणाले, "अष्टमीला या एकदा, मग भांग बघाल." जेवायला, धाकट्यासाठी, मग आईंच्या गुडघ्यांसाठी असं थांबत थांबत माणगावला चहाला उतरलो तेव्हा चार वाजत आले होते. थोरलीने बोटांवर तेराची पाऊणपट केली, त्यात सव्वासहा तास मिळवले आणि घड्याळ बघितलं.

"आत्ता पूर्ण ओहोटी आहे," ती म्हणाली. "आत्ता सोडली असती तर त्यांना खूप चालावं लागलं असतं."

धाकट्याने बिस्किट चहात बुडवलं आणि विचारलं, आता ती कुठपर्यंत गेली असतील.